हाताशी, पण कुलपात

चेन्नईजवळच्या आवडीतली बहुतेक मराठी घरे दोन वाटांनी इथे आली. एक वाट कारखान्यांची. अंबरनाथ, खडकी, वरणगाव, अंबाझरी इथल्या निर्माणींतून हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत, इंजिन फॅक्टरीत किंवा क्लोदिंग फॅक्टरीत बदली होऊन आलेली ही माणसे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि आवडीचे रणगाड्यांचे कारखाने एकाच कंपनीत आले. तिचे मुख्यालय आवडीतच आहे. दुसरी वाट फौजेची आणि हवाई दलाची. निवृत्तीनंतर कुणी पट्टाभिराम, तिरुमुल्लैवायल, परुतिपट्टूच्या बाजूला प्लॉट घेतला, घर बांधले आणि इथेच राहिले.

यांतल्या काही घरांत परवान्याची बाराबोर आहे. कुणी निवृत्तीनंतर बँकेत गनमनची नोकरी धरली आणि त्यासाठी दुनळी घेतली. कुणाच्या वडिलांची बंदूक वारसाने आली. कुणाचे घर वस्तीच्या कडेला आहे, शेजार विरळ आहे आणि रात्रपाळीला माणूस बाहेर असतो, म्हणून परवाना मागितला. बंदूक घरात आली की प्रश्न ठरलेला असतो: ती कुलपात ठेवली तर वेळेला काय उपयोग, आणि कुलपाबाहेर ठेवली तर पोराबाळांचे काय?

हा लेख परवाना असलेल्या आणि बंदूक ठेवायची असे ठरवलेल्या माणसासाठी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ‘हाताशी’ याचा अर्थ फक्त एका माणसाच्या हाताशी. घरातल्या बाकी प्रत्येकाच्या हातापासून ती तितकीच दूर हवी. आणि संकटात जी मिनिटे लागतात ती भरलेल्या बंदुकीतून मिळत नाहीत. ती मिळतात दारातून, जाळीतून, दिव्यातून आणि फोनमधून.

हिशेब करून पाहा. घरफोड्या आला तर आयुष्यात एखाद्या रात्री येईल. मुले, त्यांचे मित्र, सुट्टीला आलेली भाचरे, कामाला येणाऱ्या बाई, पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस मात्र रोज घरात असतात. पलंगाखाली भरून ठेवलेली बंदूक त्या एका रात्री काही सेकंद वाचवेल. उरलेल्या सगळ्या दिवसांत ती त्याच घरात भरलेलीच पडून राहील. ते सेकंद समोरच्या लोखंडी जाळीच्या दाराला चांगले कुलूप, मागच्या दाराला आतून आडणा आणि आवारात हालचालीवर लागणारा दिवा एवढ्याने कितीतरी अधिक मिळतात. बंदुकीच्या पेटीवर खर्च करण्याआधी मागच्या दाराकडे एकदा नीट पाहा. बऱ्याच घरांत पुढचे दार सागवानी असते आणि मागचे, धुण्याच्या जागेकडचे, एका कडीवर टेकलेले असते.

भरलेले हत्यार ठेवताना-काढतानाच अपघात होतात, हे मुंबईने पाहिले. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले, उडाले आणि गोळी त्यांच्या पायात गेली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले. घरात चोर नव्हता, भांडण नव्हते. होते ते फक्त प्रवासाआधीची घाई, कपाट आणि भरलेले हत्यार. गोळी पायावर निभावली. बाराबोरचे काडतूस इतक्या जवळून लागले तर पाय वाचेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की घरात ठेवलेली बंदूक रिकामीच असेल. एक नळी भरलेली आणि एक रिकामी हा मधला मार्ग होत नाही. ‘सेफ्टी लावली आहे’ हेही पुरेसे नाही. बहुतेक दुनळी बंदुकांची सेफ्टी चाप अडवते. आतला घोडा ताणलेलाच राहतो आणि झिजलेल्या जुन्या खाचेतून तो धक्क्याने सुटू शकतो. वडिलोपार्जित बंदुकीचे घोडे बाहेरून दिसणारे असतील तर बहुधा तिला सेफ्टीच नसते. अशी बंदूक घरात असेल तर ती आधी परवानाधारक गन हाऊसच्या कारागिराला दाखवा. घोडा अर्ध्या खाचेत टिकतो का, नळ्या उघडणारी कळ सैल झाली आहे का, नळ्या आणि दस्ता यांच्या सांध्यात फट पडली आहे का, एवढे तरी त्याच्याकडून बघून घ्या. तीस-चाळीस वर्षे कपाटात पडलेली बंदूक नुसती पुसून घरसंरक्षणाला ठेवणे धोक्याचे आहे.

पंप ॲक्शनची गोष्ट वेगळी. तिची काडतुसे नळीखालच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात आणि तिथे ती वरून दिसत नाहीत. माणूस चेंबर उघडून पाहतो, रिकामे दिसते आणि तो बंदूक बाजूला ठेवतो. पुढचा कुणी पंप ओढतो आणि मॅगझिनमधले काडतूस चेंबरमध्ये येते. म्हणून पंपाच्या बंदुकीत नजर आणि बोट दोन्ही लावा: चेंबरमध्ये बोट घालून, मग मॅगझिनच्या तोंडाशी बोट घालून, आत फॉलोअर (काडतुसे पुढे ढकलणारी टोपी) जाणवेपर्यंत. अंधारात, घाईत, झोपेत डोळा फसतो. परदेशातल्या व्हिडिओंत मॅगझिन भरलेले आणि चेंबर रिकामे ठेवायची रीत सुचवतात. ज्या घरात लहान मूल येण्याची कणभरही शक्यता आहे तिथे मला ती मान्य नाही. पंप ओढायला फार बळ लागत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते सहज जमते.

बंदूक रिकामी करताना नळीचे तोंड कुठे असावे, याचा विचार फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जास्त करायला हवा. मैदानात आपण वर किंवा जमिनीकडे धरतो. फ्लॅटमध्ये वर कुणाचे तरी घर आहे, खाली कुणाचे तरी आहे आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा पलंग आहे. लष्करात कोतच्या, म्हणजे शस्त्रकोठाराच्या, बाहेर हत्यार तपासायला वाळूची जागा असते, ती घरात लहान प्रमाणात करता येते. पत्र्याचा मजबूत डबा किंवा जाड बादली गच्च वाळूने भरून पेटीच्या शेजारी ठेवा आणि बंदूक पेटीतून काढताना किंवा आत ठेवताना नळीचे तोंड त्या वाळूकडेच धरा. याला खर्च फारसा नाही आणि चूक झालीच तर घरातल्या घरात निभावते.

आता ठेवायची जागा. आपल्या घरांत मौल्यवान वस्तूंची जागा म्हणजे स्टीलचे कपाट, आणि त्या कपाटाची चावी साड्यांच्या घडीखाली, देव्हाऱ्यामागे किंवा स्वयंपाकघरातल्या डब्यात. ही जागा घरातल्या प्रत्येकाला माहीत असते. लहान मुलांना तर सर्वांत आधी. चोरालाही ती शोधायला वेळ लागत नाही. शिवाय घरचे कपाट रोज पाच वेळा उघडते. बंदुकीची पेटी वेगळीच हवी. तिच्यात दुसरे काही नको: ना दागिने, ना घराची कागदपत्रे, ना रोकड. ज्या पेटीत दुसरे काही असते ती दुसऱ्यांनाही उघडावी लागते, आणि मग आकडा किंवा चावी दुसऱ्यांकडे जाते.

पेटीची उंची ठरवताना आधी बंदूक मोजा. अठ्ठावीस किंवा तीस इंची नळीची दुनळी पूर्ण जोडलेली असेल तर साधारण पावणेचार फूट भरते. आखूड नळीची पंप ॲक्शन त्याहून कमी. पण दुनळीचा मोठा गुण असा, की ती हातानेच दोन भागांत सुटते: पुढचे लाकूड काढले, कळ दाबली, की नळ्या एकीकडे आणि दस्ता एकीकडे. सुटी केलेली दुनळी अडीच-पावणेतीन फुटांच्या आडव्या पेटीत मावते. अशी पेटी पलंगाच्या बाजूच्या भिंतीला, कपाटाच्या आत किंवा उंच फळीवर पक्की बसते. नळ्या वेगळ्या आणि दस्ता वेगळा ठेवला तर पेटी फोडूनही चोराच्या हाती लगेच चालणारे हत्यार लागत नाही. सरावलेला हात ती अंधारातही भरभर जोडतो. पंप ॲक्शन इतकी सहज सुटत नाही. तिच्यासाठी उभी पेटी घ्या आणि चेंबरमधून जाणारे केबलचे कुलूप लावा, म्हणजे पंप मिटतच नाही. चापावर बसवायचे कुलूप भरलेल्या बंदुकीवर कधीही लावू नका. ते बसवतानाच चाप दाबला जाऊ शकतो.

पेटी जाड पत्र्याची हवी आणि ती भिंतीला व जमिनीला बोल्टने जखडलेली हवी. सुटी पेटी म्हणजे चोरासाठी तयार बांधलेले गाठोडे. तो ती घरात उघडत बसणार नाही, उचलून नेईल. बोल्ट काँक्रीटच्या स्तंभात किंवा पूर्ण जाडीच्या विटांच्या भिंतीत जावेत. खोल्या पाडायला घातलेल्या अर्ध्या भिंतीत ते धरत नाहीत. इस्टेटमधल्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी भिंतीला भोके पाडण्याआधी इस्टेट ऑफिसची लेखी परवानगी घ्यावी. ती मिळत नसेल तर मन घट्ट करून बंदूक घरी ठेवूच नये. त्याची सोय पुढे सांगतो.

आवडीत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती पाण्याची. डिसेंबर २०१५ चा पूर इथल्या लोकांना विसरता येणार नाही आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळात आवडीच्या अनेक वस्त्यांत पुन्हा पाणी शिरले. तळमजल्याचे घर तलावाच्या किंवा सखल भागाच्या बाजूला असेल तर पेटी जमिनीलगत बसवू नका. कमरेच्या वर, शक्य असेल तर माडीवर बसवा. पूर आला आणि घर सोडून नातेवाइकांकडे जावे लागले, तर बंदूक मागे राहील की बरोबर येईल, हे आधी ठरलेले असावे. पाणी दारात आल्यावर हा विचार सुचत नाही. चक्रीवादळाचा इशारा मिळाला की पाऊस सुरू व्हायच्या आधीच ती पोलीस ठाण्यात किंवा गन हाऊसमध्ये जमा करून मोकळे व्हावे, हे मला सर्वांत बरे वाटते.

कुलूप कोणते घ्यावे? चावीचे कुलूप साधे आणि टिकाऊ, पण चावी कुठे ठेवायची हा प्रश्न पुन्हा तोच. बटणे दाबून आकडा टाकायचे कुलूप रात्रीच्या गरजेला मला सर्वांत योग्य वाटते. बोटाच्या ठशाचे कुलूप चपळ असते, पण घामेजलेले बोट, कारखान्यात ग्रीस आणि कुलंटने घासलेले बोट ते कधी ओळखते, कधी नाही. चेन्नईत वर्षातले बरेच महिने हात कोरडा राहतच नाही. ठशाचे कुलूप घेतले तरी आकड्याची सोय त्यात असावी. बॅटरीवर चालणाऱ्या कुलपाला वीज गेल्याने काही होत नाही, पण बॅटरी संपली तर होते. कुलपासोबत येणारी आपत्कालीन चावी घरात ठेवू नका. ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. आकडा मुलांची जन्मतारीख, लग्नाची तारीख किंवा सर्व्हिस नंबर नसावा. तो बोटांना अंधारातही सापडला पाहिजे, म्हणून महिन्यातून काही वेळा दिवा न लावता पेटी उघडून पाहा.

काडतुसांना वेगळी, कुलपाची, लहान पेटी द्या. तीही त्याच खोलीत पण हाताच्या अंतरावर, म्हणजे एका हालचालीत दोन्ही उघडत नाहीत. हाताशी ठेवायची ती मोजकीच काडतुसे, बाकीची मागे. किती आहेत याचा हिशेब वहीत ठेवा: खरेदीची तारीख, दुकान, संख्या, वापरलेली, उरलेली. नूतनीकरणाच्या वेळी पोलीस हेच विचारतात, आणि एखादे काडतूस कमी झाले तर ते तुम्हाला त्याच आठवड्यात कळले पाहिजे. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीची ‘शक्तिमान’ काडतुसे आपल्याकडे सर्वत्र मिळतात. ती त्यांच्या खोक्यातच ठेवा, म्हणजे कुठली आणि कधीची हे कळते. दमट हवेत पितळी बुडावर हिरवट थर येतो आणि कवच फुगते. फुगलेले काडतूस नळीत अडकते. ते घासून-पुसून वापरू नका, विक्रेत्याकडे परत द्या. आणि घरात बारा आणि वीस अशा दोन्ही बोरच्या बंदुका असतील तर त्यांची काडतुसे कधीही एका डब्यात ठेवू नका. वीस बोरचे काडतूस बारा बोरच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकते, मागे बाराचे काडतूस बसते आणि उडवताच नळी फुटते. अनेक कारखाने वीसची काडतुसे पिवळी करतात ती याचसाठी.

आता ज्यासाठी हे सगळे आहे त्या रात्रीबद्दल. आवाज आला तर पहिले काम बंदूक काढणे नव्हे. आधी सगळी माणसे एका खोलीत आणायची, दार आतून लावायचे आणि ११२ लावायचा. ही खोली आधीच ठरलेली असावी आणि पेटी त्याच खोलीत असावी. म्हणजे बंदूक घेऊन अंधाऱ्या घरात फिरावे लागत नाही. दाराच्या आत थांबायचे असते. तमिळ न येणाऱ्या घरांनी आपला पूर्ण पत्ता, जवळची ओळखीची खूण आणि ‘घरात चोर आहे’ हे वाक्य तमिळ जाणणाऱ्या शेजाऱ्याला विचारून तमिळमध्ये, पण देवनागरी लिपीत लिहून फोनजवळ चिकटवावे. भेदरलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरी भाषा सुचत नाही. पेटीच्या बाजूला चांगला टॉर्च लटकवा. दुसऱ्या पाळीहून परतलेला मुलगा, पाणी प्यायला उठलेली सासू, गच्चीवरून उतरणारा शेजारी यांना ओळखल्याशिवाय नळी कुणाकडे वळू नये. नाव घेऊन मोठ्याने विचारा. उत्तर ऐका. बाराबोरचे छर्रे प्लायवूडचे दार आणि काच सहज भेदतात, आणि दारापलीकडे कोण आहे हे दार सांगत नाही.

कायदाही हेच धरून चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ पासून पुढे दिला आहे. त्याची मर्यादाही तिथेच, कलम ३७ मध्ये आहे: बचावाला जेवढे बळ लागते त्याहून जास्त वापरायचे नाही. टीव्ही घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणारा माणूस बचावात नसतो.

ही सगळी कृती, म्हणजे उठणे, आकडा टाकणे, बंदूक जोडणे, काडतुसाची पेटी उघडणे, डमी काडतुसांनी करून पाहा. सरावाच्या वेळी खरी काडतुसे त्या खोलीतच नसावीत. आधी बाहेर नेऊन ठेवा, मग सुरू करा, आणि सराव संपला की मोठ्याने ‘संपला’ म्हणून बंदूक कुलपात टाका. सराव संपल्यावर ‘अजून एकदा’ म्हणून चाप ओढताना अपघात झाल्याची उदाहरणे फौजेतला प्रत्येक शस्त्रशिक्षक सांगतो. गोळी झाडण्याचा सराव मात्र घरात नाही. त्यासाठी चेन्नई रायफल क्लबसारखी जागा आहे.

आकडा कुणाला सांगायचा? परवाना ज्याच्या नावावर आहे, त्यालाच. ‘मी रात्रपाळीला असतो, घरी बायको एकटी असते, तिला माहीत नको का?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कडक आहे. परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात बंदूक देणे शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, मग तो माणूस घरचाच का असेना. वहिनींना खरोखर गरज असेल तर त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा आणि शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ते प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. बंदूक सुरक्षित ठेवण्याचे लेखी हमीपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही त्याच अर्जासोबत द्यावे लागते. तोवर रात्रपाळीच्या घराचे संरक्षण म्हणजे मजबूत दार, शेजाऱ्याचा नंबर आणि ११२.

मुलांबद्दल एकच भ्रम दूर करायचा आहे, तो म्हणजे ‘आमच्या पोराला माहीतच नाही’. त्याला माहीत असते. लपवणे हा बंदोबस्त होत नाही. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवणाऱ्या मुलाला खरी बंदूक दिसली तर तो तेच करून पाहणार. त्यात वाईट काही नाही, ते त्याचे वय आहे. त्याला चार गोष्टी शांतपणे सांगा आणि अधूनमधून त्याच्याकडून म्हणवून घ्या: हात लावायचा नाही, तिथून निघायचे, मित्रालाही निघायला सांगायचे, मोठ्या माणसाला सांगायचे. मित्राच्या घरी दिसली तरी हेच. पण या शिकवणीच्या भरवशावर कुलूप सैल सोडू नका. शिकवण मुलाच्या कामाची आहे, कुलूप तुमची जबाबदारी आहे.

एका गोष्टीवर आपल्या घरांत कुणी बोलत नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. घरातल्या बंदुकीचा धोका बाहेरच्यापेक्षा घरातल्या खचलेल्या माणसाला जास्त असतो. निवृत्तीनंतर एकाएकी रिकामा झालेला दिवस, कर्ज, मुलाचे परीक्षेत नापास होणे, पत्नीचे जाणे, दारू, लांबलेले आजारपण. मनात येणारा जीव देण्याचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरतो आणि माणूस वाचतो. हाताशी बंदूक असेल तर तो थोडा वेळच मिळत नाही. घरात कुणाची झोप उडाली असेल, बोलणे तुटले असेल, ‘माझ्यामागे’ अशी भाषा येऊ लागली असेल, तर त्याच दिवशी बंदूक घराबाहेर काढा. ज्याच्या नावावर परवाना आहे तोच खचलेला असेल, तर पत्नीने किंवा मुलाने पुढाकार घ्यावा आणि त्याच्यासोबत जाऊन ती जमा करून यावी. यात त्याचा अपमान नाही. फौजेत आजारी जवानाचे हत्यार कोतमध्ये जाते आणि बरा झाल्यावर परत मिळते, हे त्याला माहीत असते. त्याच शब्दांत सांगा. सोबत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा नंबर लावा. तो दिवसरात्र चालतो आणि तमिळखेरीज इतर भाषांतही बोलता येते. वृद्ध वडिलांना विसर पडू लागला असेल, रात्री घरातल्या माणसांना ते परके समजू लागले असतील, तरीही हेच करायचे.

दमट हवेची काळजी सोपी आहे, पण ती सतत घ्यावी लागते. कापडी किंवा चामड्याच्या गवसणीत बंदूक ठेवू नका. गवसणी ओल धरते आणि नळीवर गंजाचे ठिपके पडतात. गवसणी फक्त नेण्या-आणण्यापुरती. हात लागला की घामाचे मीठ लागते, म्हणून ठेवताना तेलाच्या फडक्याने पुसा. तेल जास्त झाले तर ते उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते. उभ्या पेटीत म्हणूनच नळीचे तोंड खाली करून ठेवणे बरे. सिलिका जेलच्या पुड्या आत टाका आणि रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरा.

वर्षाच्या मोठ्या तपासणीला आपल्याकडे दिवस ठरलेला आहे: खंडेनवमी. त्याच दिवशी आवडीतल्या कारखान्यांत आणि दुकानांत आयुधपूजा असते, आणि त्यानंतर काही दिवसांत ईशान्य मोसमी पाऊस इथे येतो. कुलपाची बॅटरी त्या दिवशी बदला. बोल्ट हलवून पाहा, नळीत ब्रश फिरवा, काडतुसे मोजून वहीशी ताळा करा, परवान्याची मुदत वाचा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. पूजेला बंदूक मांडायची तर पाहुणे येण्याआधी दोघांनी मिळून ती रिकामी असल्याची खात्री करा, नळ्या उघड्या ठेवूनच पाटावर मांडा आणि आरती संपताच कुलपात टाका. पूजेच्या खोलीत काडतूस नको, हळदकुंकू लावायलाही नको. हवेत बार काढायची हौस कुणी दाखवली तर त्याला सांगा, की त्याच दुरुस्तीने अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहे.

कागदांबद्दल दोन गोष्टी आवडीकरांसाठी. महाराष्ट्रातून बदलीवर बंदूक घेऊन आला असाल तर इथल्या परवाना अधिकाऱ्याला तीस दिवसांच्या आत कळवा, आणि परवाना ज्या हद्दीपुरता आहे ती हद्द प्रवासाआधी वाचा. आवडीला १ जानेवारी २०२२ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. जुन्या परवान्यावर दुसऱ्या कार्यालयाचे नाव असेल तर नूतनीकरण तोंडावर येण्याआधीच आयुक्तालयात चौकशी करा. वडिलांच्या नावची बंदूक असेल तर त्यांचे वय सत्तर झाल्यावर, किंवा त्यांनी ती पंचवीस वर्षे बाळगल्यावर, त्यांच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. हात थरथरू लागल्यावर दोन वर्षे वाट पाहण्यापेक्षा हे आधी करावे. वडील गेले आणि परवाना नावावर झालेला नाही, अशा मधल्या काळात बंदूक घरात ठेवू नका. ती जमा करून मग अर्ज करा.

गणपतीला किंवा मे महिन्यात घर बंद करून गावी जाताना बंदूक मागे पेटीत ठेवणे मला पटत नाही. रिकाम्या घरात चोराला पेटी फोडायला हवा तेवढा वेळ मिळतो. पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रे ठेवून घेण्याचा परवाना असलेल्या गन हाऊसमध्ये ती जमा करा. नोकरीत असलेल्या जवानाला युनिटच्या कोतमध्येही ठेवता येते. ज्यांना क्वार्टरच्या भिंतीत पेटी बसवता येत नाही त्यांचीही सोय हीच. जमा करताना बंदूक रिकामी, सुटी केलेली आणि काडतुसे वेगळ्या बंद डब्यात न्या, मूळ परवाना सोबत ठेवा आणि पावतीवर बंदुकीचा नंबर, बोर, काडतुसांची संख्या आणि तारीख नीट लिहिली आहे का ते काउंटरवरच वाचा. पावतीचा फोटो घरच्यांकडे पाठवा. परत घेताना नंबर पुन्हा जुळवा, नळ्या उघडून पाहा, आणि मगच ती गवसणीत घाला.